चौथ्या बटणापाशी

माझ्या मावशीने आजवर साठेक डॉक्युमेंटऱ्या संपवल्या असतील, सगळ्या गाण्याबजावण्यावरच्या, आणि त्यातली एकही पाहिलेली नाही. हे मला ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, आणि तिसऱ्या कोणाला कळू नये अशी तिची फार इच्छा होती.

ती इस्त्री करते. लाँड्रीचं दुकान आहे. पुढे काउंटरवर काका, मध्ये एक जाडा पडदा, पडद्यामागे मावशी. एकतीस वर्षं हीच मांडणी. फोन शेल्फवर स्टार्चच्या डब्याला टेकवलेला असतो आणि त्याचं तोंड भिंतीकडे. एकदा मी तो सरळ करायला गेले तर खेकसलीच. "राहू दे तसाच. नजर हलली की कापड जळतं." तेव्हा ती फक्त ऐकते. कॉलर, खांदे, बाह्या, पाठ, मग बटणाची पट्टी. एका सिनेमात तिचे चाळीस शर्ट होतात.

हा नाद तिला एका लेखकाने लावला. तो पेपरात दर रविवारी संगीतावर लिहायचा. इस्त्रीचे कपडे गुंडाळायला दुकानात रद्दी येते, त्यातून मावशी त्याचं पान बाजूला काढायची. बाकीच्या जगाच्या बातम्या लोकांच्या पँटींना. दोन वर्षांपूर्वी पेपरवाल्यांनी ते पान बंद केलं, आणि मावशी एखादं माणूस गाव सोडून गेल्यासारखी हळहळली. म्हणून त्याच लेखकाने स्वतःचं न्यूजलेटर सुरू केल्याचं मी तिला सांगितलं, तेव्हा तिने इस्त्री बंद करून मला बसायला स्टूल दिलं. एरवी मी उभीच असते.

पहिल्या अंकाखाली वाचकांची नुसती झुंबड. 'या, या, फार वाट पाहायला लावलीत', 'रविवार परत मिळाला', असं काय काय. माणसं खरी खुशीत होती, त्यामुळे एरवी असल्या गोष्टींना नाक मुरडणाऱ्या मलाही बरं वाटलं. लेखकाने शेवटी विचारलं होतं, संगीतावरची कोणती डॉक्युमेंटरी तुमच्या मनातून जात नाही? मग काय, 'जुना रेडिओ' नावाचे एक गृहस्थ होते, 'बेसूर' नावाच्या एक बाई होत्या, आणि असे दोनशे जण. गिटार बनवणारा एक कारागीर चाळीस मिनिटं अवाक्षर बोलत नाही, तो सिनेमा थोर की झोप आणणारा, यावर दोन दिवस जुंपली. मुलाखत घेणाऱ्याचा आवाज ठेवावा की कापावा, यावर तिसरा दिवस गेला.

मावशीने नाव घेतलं 'कडक इस्त्री'. ती सांगायची, मी टाइप करायचे. तिचं म्हणणं असायचं दोन-तीन ओळींचं, पण वजनदार. 'हा गायक बसून बोलतो तेव्हा बढाया मारतो, उभा राहिला की खरं बोलतो,' असलं काहीतरी. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. कडक इस्त्री हे नाव गंमतीने घेतलंय आणि बाई कुठल्यातरी कॉलेजात शिकवून निवृत्त झाल्या असाव्यात, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. 'बेसूर' तर तिला 'मॅडम' म्हणायला लागल्या. मावशी सातवी शिकलेली. "कशाला सांगायचं?" ती म्हणाली. "मी खोटं थोडंच बोलले? त्यांनी विचारलं नाही." तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हणत होतं आणि ते तिला आवडत होतं, एवढीच गोष्ट.

मग एका म्हाताऱ्या व्हायोलिनवादकाच्या डॉक्युमेंटरीवर बोलणं निघालं. ही मावशीने अकरा वेळा ऐकलेली. तिने मला सांगितलं आणि मी बिनडोकपणे टाइप केलं: 'यातला सर्वांत चांगला प्रसंग म्हणजे, जे मिळवलं ते मी एकट्याने मिळवलं असं तो म्हणतो, आणि त्याच्या शर्टाला इस्त्री करणारी त्याची बायको चौथ्या बटणापाशी थांबते.'

तासाभरात उत्तरं आली. 'जुना रेडिओ'ने लिहिलं, 'त्या प्रसंगात खोलीत कोणीही नाही. म्हातारा, खुर्ची, खिडकी. मी तीनदा पाहिलाय.' दुसऱ्या कोणी लिहिलं, 'कोणती बायको? कोणता शर्ट?' हसण्याची चित्रं आली. आणि 'बेसूर' बाईंनी, अगदी सभ्यपणे, विचारलं: 'मॅडम, आपण ही डॉक्युमेंटरी पाहिली आहे ना?'

मावशीचा चेहरा पडला. फोन तिने माझ्या हातून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. तो आठवडाभर तिथेच होता. पडद्यामागून फक्त वाफेचा फुसफुसाट यायचा. काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हिला काय झालंय?" मी म्हटलं, "तिलाच विचारा की." त्यांनी विचारलं नाही.

मला मात्र राहवेना. रविवारी मी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेले. "चल, बघून तरी घेऊ." ती पुढ्यात बसली खरी, पण हातांना काय करावं ते कळेना, म्हणून तिने उशीचा अभ्रा मांडीवर घेतला. म्हातारा दिसला तशी म्हणाली, "अगंबाई, हा एवढा काटकुळा? आवाजावरून चांगला भरलेला वाटायचा." मग तो प्रसंग आला. म्हातारा, खुर्ची, खिडकी. बाईचं नखसुद्धा नाही.

"नाहीये गं," मावशी पुटपुटली.

"थांब." मी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि मागे नेऊन परत लावलं. म्हातारा बोलतोय. त्याच्या बोलण्याखाली, दुसऱ्या खोलीतून असावं, ओल्या कापडावर तापलेलं लोखंड सरकल्याचा आवाज. मग टिक. थोडं सरकणं, टिक. इस्त्रीचं टोक बटणाला लागतं तसं. टिक. टिक. 'मी एकट्याने' म्हणतो तो, आणि खट्, इस्त्री उभी ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही. मी मोजलं, अकरा सेकंद. नंतर उचलल्याचा आवाज, आणि पाचवं टिक.

मी हेडफोन काढला. "आहे मावशी! आहे ती! लिहू या."

"लिहायचं म्हणजे हेपण लिहावं लागेल, की मी पाहिली नव्हती. का पाहिली नव्हती, तेही." ती अभ्र्याच्या घड्या घालत राहिली. "मग मॅडम संपल्या."

"संपल्या तर संपल्या."

"तुझं काय जातंय म्हणायला," ती चिडून म्हणाली, आणि बरोबरच होतं ते. माझं काहीच जात नव्हतं. शाळेत मला दिवसातून शंभर वेळा पोरं मॅडम म्हणतात.

तीन दिवस तिने घेतले. गुरुवारी दुपारी दुकानात, उभ्या उभ्या, इस्त्री न थांबवता तिने सांगितलं: 'मी ही किंवा कुठलीच डॉक्युमेंटरी पाहिलेली नाही. मी लाँड्रीत इस्त्री करते. माझं नाव गंमतीचं नाही. काम करताना ऐकते. डोळे मिटून ऐका, म्हाताऱ्याकडे लक्ष देऊ नका.'

मला वाटलं, आता काय काय वाचावं लागतंय. पण दोन दिवस कोणी काही लिहिलंच नाही. सगळे ऐकत बसले असावेत. मग खुद्द लेखकाचं उत्तर आलं. 'या प्रसंगावर मी पूर्वी पानभर लिहिलं होतं,' त्याने म्हटलं होतं, 'कलावंताच्या एकांताबद्दल. खोलीत एकांत नव्हताच. मी वीस वेळा पाहिलं आणि मला एक माणूस दिसलं नाही. लाज वाटते.' त्याखाली 'बेसूर' बाईंनी माफी मागितली होती, आणि मॅडमच म्हटलं होतं. मावशीचा जीव भांड्यात पडला.

'जुना रेडिओ' मात्र चिवट. 'आवाज ऐकला, मान्य,' त्याने लिहिलं. 'पण त्या शब्दामुळेच थांबली हे कशावरून? दूध उतू गेलं असेल, दारावर कोणी आलं असेल.'

मी हे दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. काउंटरवर गिऱ्हाईक नव्हतं. काका पावत्या लावत बसले होते आणि पडदा अर्धा सरकवलेला होता.

मावशीने जराही विचार केला नाही. "लिही त्यांना. आमचे हे नव्या गिऱ्हाइकाला सांगतात, दुकान मी एकट्याने उभं केलं. तेव्हा माझा हात थांबतो. दर वेळी. म्हणून मला कळलं."

काकांनी मान वर केली. मी टाइप करायची थांबले.

"लिही गं," मावशी म्हणाली.

काका उठून पडद्यापाशी आले. एवढ्या वर्षांत मी त्यांना तिथे नुसतं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"तू थांबतेस?" त्यांनी विचारलं.

"थांबते."

"मला कधी ऐकू आलं नाही."

"येणार कसं?" तिने शर्ट उलटवला. "तुम्ही बोलत असता."