जाधवांचे रविवार

सोमवारी सकाळी आमच्या अतिदक्षता विभागात पाळी बदलत होती, तेवढ्यात फोन वाजला. जाधव आज येणार नाहीत, असं औषध विभागातली मुलगी सांगत होती. "मला न सांगता रजा? त्यांच्याशिवाय इथलं पान हलत नाही, ठाऊक आहे ना?" मी खेकसले. "सिस्टर... पहाटे छातीत कळ आली. घरीच प्राण गेला." मी फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटची माहिती घ्यायला लागले. दुसरं काही सुचलंच नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

जाधव आमचे फार्मासिस्ट. रत्नागिरीतल्या आमच्या रुग्णालयात अख्ख्या अतिदक्षता विभागासाठी ते एकटेच. पहिल्यांदा आत आले तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं होतं, "तुमचं काम औषधांच्या खिडकीत. इथे काय हवंय?" "डोस बघायचाय, सिस्टर. पेशंटची किडनी खिडकीतून दिसत नाही," म्हणाले आणि शांतपणे केसपेपर उघडून बसले. असा राग आला मला! पण महिन्याभरात डॉक्टरसुद्धा सही करण्याआधी त्यांच्याकडे बघायला लागले. भीमजयंतीला घरची खीर आणायचे, माझा डबा वेगळा. "तोंड गोड ठेवा सिस्टर, आम्हाला जरा बरं पडेल." मला असं चिडवायची छाती दुसऱ्या कोणाची नव्हती.

रविवारी मात्र फार्मासिस्ट नसे. दुसरं पद मिळावं म्हणून त्यांनी अर्जावर अर्ज केले. तोवर त्यांनीच एक पद्धत काढली. शनिवारी प्रत्येक खाटेचा औषधांचा ट्रे भरून ठेवायचा, वर खाटेचा नंबर टाकायचा, रविवारी आम्ही फक्त द्यायचं. एका रविवारी तीन नंबरच्या खाटेमागच्या प्लगमधून ठिणग्या यायला लागल्या. तिथे मिरकरवाड्याचे एक म्हातारे तांडेल होते, सगळं आयुष्य बोटीवर गेलेले, किडनी कशीबशी चालणारी. पाच नंबरचा तरणाताठा पेशंट नुकताच खाली वॉर्डात गेला होता, म्हणून मी तांडेलांना त्या खाटेवर हलवलं. माणूस हलवला, ट्रे मात्र त्या तरुणाचाच तिथे राहिला. त्यातलं किडनीला जड जाणारं इंजेक्शन, त्या तरुणाच्या मापाचं, मी तांडेलांना दिलं. सकाळी दिलं, संध्याकाळी दिलं. मनगटावरची नावाची पट्टी वाचली नाही.

सोमवारी जाधवांनी ट्रे बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. तांडेल डायलिसिसवर गेले, आठवड्याभरात वारले. त्या इंजेक्शनानेच, असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. चौकशीत जाधव म्हणाले, "नंबर टाकायची पद्धत माझी. नाव लिहायला हवं होतं. चूक माझी." मी शेजारच्याच खुर्चीत होते. इंजेक्शन कोणी दिलं हे कोणी विचारलं नाही, आणि मी... एरवी सगळ्यांना फाडून खाणारी बाई, तिथे माझी दातखीळ बसली. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुम्ही गेलात तर हा विभाग कोण चालवणार, सिस्टर?"

त्यानंतर त्यांनी एकही रविवार घरी काढला नाही. अंगात ताप असला तरी यायचे. शेवटचे काही महिने पित्ताची गोळी चघळत छाती चोळायचे. मी बघत होते. नर्स असून नुसती बघत होते!

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांना श्रद्धांजली वाहायला, मी त्यांच्या घरी गेले. जाधववहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. "सिस्टर, तुम्ही तिथेच होतात. खरंच ह्यांच्या हातून माणूस गेला काय ओ? आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊन बसूया एकदा, म्हणायची मी. तर म्हणायचे, मी चुकलोय, मला रविवारी जायलाच हवं." "नाही हो वहिनी," एवढंच म्हटलं आणि चपला घालून बाहेर पडले.

दुसरं पद अजून मिळालेलं नाही, पहिलंही आता रिकामं आहे. शनिवारी ट्रे मीच भरते. प्रत्येकावर पेशंटचं पूर्ण नाव लिहिते आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघते.

वहिनी, त्या दिवशी अर्धंच बोलले. इंजेक्शन मी दिलं होतं. तुमचे सगळे रविवार माझ्यामुळे गेले.