उजव्या बाजूला उभं राहायचं नाही

ताई माझी सावत्र बहीण. पण तिने मला कधी सावत्र वागवलं नाही. सावत्रपणा सगळा तिच्याच वाट्याला आला होता. ती नऊ वर्षांची असताना तिच्या हातून माझा फ्रॉक जळला, आणि माझ्या आईने तीच तापलेली इस्त्री तिच्या दंडावर टेकवली. मी सहा वर्षांची, दारात उभी होते. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "कसं भाजलं?" आई म्हणाली, "धांदरट मेली, दुसरं काय!" मी मूग गिळून बसले. आई माझी होती ना.

पुढे ताईने इस्त्रीचंच दुकान काढलं. भर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायची. काम करताना उजव्या बाजूला कुणाला उभं राहू द्यायची नाही. मला वाटायचं, आम्हाला चटका लागू नये म्हणून. तिला स्वतःच्याच हाताची भीती होती, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या आईचं शेवटचं आजारपण, हगणं-मुतणं, सगळं तिनेच काढलं. आई सुखाने गेली. कुणी तिला कधी जाब विचारला नाही.

मग ताईला सून आली. बोलकी, चटपटीत, जराशी वेंधळी. गेल्या मंगळवारी दुपारी दुकानात तिने गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही जाळली. मी पलीकडे घड्या घालत होते.

"धांदरट मेली!" ताई ओरडली. शब्द आईचे, सूरही आईचाच. ताईने सुनेच्या हातातली इस्त्री हिसकावली. सून तिच्या उजव्या बाजूला उभी होती. मी टेबलाला वळसा घालून पोचेपर्यंत पोरीचा दंड भाजला होता. ताईने इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं आणि मटकन खाली बसली.

पोलीस आले तेव्हा भाचा माझ्या कानाशी लागला. "मावशी, चुकून लागली म्हण. नाहीतर आई तुरुंगात जाईल."

सून दंडाला पट्टी बांधून खुर्चीत बसली होती. नुसती माझ्याकडे बघत होती. असं माझ्याकडे पूर्वी एकदा कुणीतरी बघितलं होतं.

"चुकून नाही," मी म्हणाले. "हिने टेकवली. मी पाहिलंय."

भाच्याने मला शिव्या घातल्या. ताईने त्याला गप्प केलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोसला असता.

"तेव्हाही तू पाहिलं होतंस," ती म्हणाली. "तेव्हा का नाही गं बोललीस?"

हवालदाराने कागद पुढे केला. मी सही केली.