काचेच्या आतलं धुकं

चिनू, ईशान, तुमच्या आजीनं पस्तीस वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवली. मोरीतून आवाज आला तर मी भुताच्या आधी नळाचा वॉशर बघते. तेवढं लक्षात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून आजोबांनी लग्नाची जुनी निगेटिव्ह शोधून स्कॅन केली आणि घरच्या इंकजेटवर मोठा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढला. कॉटनचा कागद, कार्बनची काळी शाई — "आपण गेलो तरी ही फिकी पडायची नाही," म्हणाले. फोटोत आम्ही दोघं, हातात हार, आणि माझ्या शेजारी नुसती पांढरी भिंत.

त्या जागी खरं तर माझी आई हवी. पण आमच्यात लग्न लागताना मुलीच्या आईनं बघायचं नसतं. ती मागच्या अंगणात तुळशीपाशी बसली होती. एरवीही ती कॅमेऱ्यासमोर येत नसे. आमचं घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं, ती म्हणायची, "माझी लाल साडी काळी करणारा फोटो मला नको." त्यामुळे तिचा एकही फोटो नाही. मागच्या वर्षी तुम्ही विचारलंत, पणजी कशी दिसायची? मला दाखवता आलं नाही. ते फार लागलं होतं मनाला.

आता माझी चूक. प्रिंट हाताला कोरडा लागला तरी शाईतली वाफ कितीतरी दिवस निघत राहते. म्हणून आजोबांनी तो कोऱ्या कागदाखाली पसरून ठेवला होता... जेवायच्या टेबलावर! चार दिवस आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. गुरुवारी ते देवराज मोहल्ल्यात गेले, तशी मी प्रिंट फ्रेममध्ये घातला, हिनकलच्या ह्या घरात हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर टांगला आणि टेबल पुसून मोकळी झाले.

रविवारी जेवायला पाहुणे यायचे, आणि सकाळी बघते तर काचेला आतून धुकं!

"अय्यो! रंगाऱ्याची मुलगी, आणि ओल्या कापडाची घडी घातलीस?" आजोबा हसत सुटले. "सुम्ने, उगीच तोंड पाडू नकोस. मागून उघड, काच पूस, परत लाव. पाच मिनिटांचं काम."

स्वच्छ कपडा घेऊन मी फ्रेम उतरवली. धुकं यायला हवं होतं सगळीकडे. फार तर काळ्या भागावर दाट, जिथं शाई जास्त. पण बाकी काच लख्ख. धुकं फक्त पांढऱ्या भिंतीवर — जिथं शाईचा थेंब नाही. माझ्या खांद्याएवढ्या उंचीचं, डोक्यावर पदर घेतल्यासारखं, एक कान पुढे करून मान कललेली... आईला एका कानानं कमी ऐकू यायचं. ती अशीच उभी राहायची.

कपडा हातातच राहिला. आजोबांना मी काही बोलले नाही. माणसाला हवं ते दिसतं, हे मला ठाऊक आहे; ज्याला काहीच सांगितलेलं नाही असा साक्षीदार हवा होता. फ्रेम परत टांगली.

"डाग तसाच ठेवलास? तू?" आजोबा माझ्याकडे बघतच राहिले.

दुपारी दादा, माझे थोरले भाऊ, हुणसूरहून बसनं आले. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती, भिंतीकडे बघून म्हणाले, "सुमे, ह्या फोटोत आई कुठून आली? तुळशीपाशी मीच बसवून आलो होतो की तिला!"

मला हसू फुटलं आणि रडूही. आजोबा चष्मा काढून पुसायला लागले.

"पण मुलीच्या आईनं बघायचं नसतं ना, दादा?"

"लग्न लागताना नसतं बघायचं. पन्नास वर्षं थांबली बिचारी. आता बघू दे की!"

मग पहिली गरम होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वर तूप घालून, फोटोसमोर तिला वाढली. दादा काचेजवळ वाकले आणि चांगला कान कुठला ते बघून त्या बाजूला मोठ्यानं म्हणाले, "आई, जेवायला चल!" इतके हसलो आम्ही, की पाहुणे दारात येऊन थांबलेले कळलंच नाही.

आजोबांनी नंतर मुद्दाम दुसरा प्रिंट काढून ओला असतानाच तशाच फ्रेममध्ये घातला. पुस्तकात लिहितात तसं सगळ्या काचेवर सारखं धुकं आलं. आकार नाही, काही नाही. पहिल्या फ्रेमचं उत्तर त्यांच्याकडे नाही, माझ्या केमिस्ट्रीकडेही नाही.

डिसेंबरात याल तेव्हा पणजी बघून घ्या. शाई टिकेल; धुक्याचं सांगता येत नाही. काच मी रोज पुसते — बाहेरून.