पिवळा टॅग

माझ्या गळ्याला गाठ आली तेव्हा ती वाटाण्याएवढी होती. चहाच्या टपरीवर सांगेपर्यंत तिचं लिंबू झालं, रिक्षा स्टँडवर मोसंबं, आणि संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर पोचेस्तोवर चांगला सोललेला नारळ. ऐकणारे माझ्या गळ्याकडे बघत. तिथे नारळ काही दिसत नसे, पण वयाचा मान राखून बिचारे हळहळत. सोनोग्राफीवाल्यानं मात्र सगळी मजा घालवली. म्हणाला, "थायरॉइडची गाठ. साधारण दोन सेंटिमीटर." मग उल्हासनगरच्या डॉक्टरांनी गाठीत सुई घालून नमुना घेतला आणि सांगितलं, "कॅन्सर आहे की नाही ते रिपोर्टमध्ये कळेल. आठ दिवस लागतील. तोवर स्वतःच काही ठरवू नका."

ठरवू नका म्हणे! बत्तीस वर्षं मी अंबरनाथ एमआयडीसीत टर्नर होतो. आम्हा लेथवाल्यांना 'साधारण' हा शब्द आईवरून दिलेल्या शिवीसारखा लागतो. साधारण दोन म्हणजे किती? एकोणीस मिलिमीटर की एकवीस? घरी आल्या आल्या कपाटातून माझा व्हर्नियर काढला. दोन जबड्यांची पोलादी पट्टी. जबड्यात वस्तू धरली की केसाचीही जाडी सांगते. ह्याच व्हर्नियरनं मी एकदा डासाची सोंड मोजली आहे. साक्षीदार कोणी नाही, डासही वारला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सकाळचं इन्स्पेक्शन सुरू झालं. मी स्टुलावर, मान छताकडे. बायको समोर व्हर्नियर घेऊन.

"अहो, गिळू नका ना! वर सरकते ती."

"अगं, पण चहा तोंडात आहे."

"मग आधी चहा संपवायचा. एकवीस पॉइंट चार. बोलू नका, चुकेल."

आकडा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. एकवीस चार, एकवीस सहा, एकवीस पाच. चार दिवस आम्ही दोघं खूश होतो. मोजता येतंय म्हणजे आपल्या ताब्यात आहे असं वाटायचं.

पाचव्या दिवशी बायको आकडाच बोलेना. पुन्हा मोजलं. पुन्हा. मग हळूच म्हणाली, "तेवीस चार."

तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही. गावभर नारळाच्या बाता मारणारा मी, मला दोन मिलिमीटरनं घाम फुटला. बायकोनं माझा हात धरला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिनं असा हात मांडवातसुद्धा धरला नव्हता.

शेवटी मी बदलापूरला माझ्या मित्राला फोन लावला. मित्र म्हणायचं आपलं. हा आमच्या कंपनीत इन्स्पेक्टर होता, म्हणजे मी बनवलेले जॉब तपासून रिजेक्ट करणं एवढंच ह्याचं आयुष्य. माझ्या हातून जेवढा लोखंडी माल ह्यानं भंगारात घातला, तेवढ्यात आणखी एक रेल्वे पूल झाला असता. अर्ध्या तासात दारात हजर. हातात मखमली डबी, डबीत त्याचा स्वतःचा व्हर्नियर.

गळ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. आधी माझा व्हर्नियर उचलला, जबडे मिटवले, उजेडात धरला.

"गाढवा, शून्य कुठंय?"

"कसलं शून्य?"

"मिटलेल्या व्हर्नियरनं शून्य दाखवायला पाहिजे. हा दोन दाखवतोय! बत्तीस वर्षं तुझे जॉब उगाच फेकत नव्हतो मी. वहिनी, ह्यानं हे हत्यार कुठे वापरलं होतं?"

बायको पदराशी चाळा करू लागली. "ह्यांनी नाही हो भावजी. काल लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नव्हतं..."

त्यानं आपल्या व्हर्नियरनं मोजलं. एकवीस पाच. बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं, आणि पाणी पिता पिता रडली. मग आम्ही तिघांनी मिळून ते लोणचं खाल्लं. चवीला जेमतेमच होतं.

जाताना त्यानं खिशातून एक पिवळा टॅग काढला आणि दोऱ्यानं माझ्या शर्टाच्या बटणाला बांधला. कारखान्यातला नियम असा: जॉब तपासणीला थांबला की त्याला पिवळा टॅग. त्याला कोणी हात लावायचा नाही, चांगला म्हणायचं नाही आणि वाईटही म्हणायचं नाही. पास झाला तर हिरवा, दुरुस्तीला निळा, भंगारात जायचा तर लाल.

"मोजणं बंद," तो म्हणाला. "तू पिवळा आहेस. तेवढाच आहेस."

उरलेले दिवस मी तो टॅग मिरवला. त्यावर 'हलवू नये' असं छापलं होतं, त्याचा फायदा घेतला नसता तर मी कसला कामगार? बायको म्हणाली, पाणी भरा. मी टॅग दाखवला. म्हणाली, भाजी आणा. टॅग दाखवला. दुपारी पुरणपोळीचा वास आला तसा मी उठलो, तर तिनं टॅगवर बोट ठेवलं. "हलवू नये." मी स्टुलावरून नुसता वास खाल्ला. चार किलो वजन वाढलं असेल.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं उल्हासनगरला गेलो. टॅग बटणाला होताच. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला. "कॅन्सर आहे," ते म्हणाले. खोलीतला पंखा थांबला. खरंच थांबला की मला वाटलं, शपथेवर सांगता येणार नाही.

माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, रिजेक्ट की दुरुस्ती?"

मित्रानं त्यांना टॅगचे रंग समजावले. डॉक्टरांनी ते नीट ऐकून घेतलं, मग हसले. "दुरुस्ती. लवकर सापडलाय, ह्या प्रकाराचा इलाज चांगला होतो. ऑपरेशन करू, मग रोज गोळी आणि वेळच्या वेळी तपासण्या."

बायको डोळ्यांना पदर लावून हसत होती. मित्रानं माझ्या बटणाचा पिवळा टॅग सोडला आणि खिशातून निळा काढून बांधला. दोऱ्याची गाठ दोनदा सुटली. मी म्हटलं, "आणि लाल दाखव की. आणला असशील ना? आयुष्यभर तेच केलंस."

त्यानं दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल, घराची किल्ली, एक हिरवा टॅग. बस.

"लाल घरीच ठेवला," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "विसरलो."

तो आणि विसरणार! आख्ख्या अंबरनाथनं सांगितलं तरी मी मानणार नाही.

बायकोनं फाईल काखेत मारली आणि माझा दंड धरला. "चला. आता हलवायला हरकत नाही. जाताना पाच लिटरचा तेलाचा डबा घ्यायचाय, तो तुम्ही उचला."