शेवटच्या ओळीखालची दोन गावं

माझ्या बहिणीच्या नवऱ्याची नोकरी मी घालवली. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर वाटतं, हे तर काहीच नाही. नोकऱ्या लोकांच्या जातातच. त्यांचं नाव गेलं, ते सांगायचं आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी जळगावात एका केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होतो. शेठ मूळचे राजस्थानकडचे, पण दोन पिढ्या इथेच गेलेल्या. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, रागावले की मात्र मारवाडीत शिरायचे. सकाळी गावोगावहून फोन यायचे, आज कोणाच्या बागेत किती घड कापणार. सगळ्याची बेरीज करून दुपारच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याला सांगायचं, आज इतक्या गाड्या लाव. केळी एकदा कापली की कोणासाठी थांबत नाही. बांधावर पानांखाली झाकलेला घड त्याच दिवशी गाडीत चढला पाहिजे, म्हणजे दिल्लीपर्यंत हिरवा राहतो. बेरीज कमी आली तर गाडी कमी, आणि गाडी कमी तर कोणाचा तरी माल उन्हात.

शेठनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा ऑफिसात तो फक्त मला यायचा. धुळ्याला एका क्लासमध्ये शिकलो होतो. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस वगैरे काही नाही. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आकडे भरायच्या चौकोनी घरांना नाव देणं. एरवी बेरीज करायची तर या घरापासून त्या घरापर्यंत असा पत्ता लिहावा लागे. पण स्लॅश दाबून आर, एन, सी दाबलं, एक नाव टाकलं आणि बाणाने वरून खालपर्यंत पट्टा रंगवला, की तो अख्खा पट्टा त्या नावाने ओळखला जाई. घडांच्या रकान्याला मी इंग्रजी अक्षरांत ‘कापणी’ नाव दिलं होतं. वरच्या कोपऱ्यात ‘कापणी’ची बेरीज, तिच्याखाली गाड्यांचा आकडा. शेठ पाहुण्यांना घेऊन आले की मी एफ-फाइव्ह दाबून नुसतं नाव टाकायचो आणि कर्सर उडी मारून तिथे जायचा. पाहुणे म्हणायचे, वा.

या नावात एक खोच होती. नावाला फक्त पहिलं घर आणि शेवटचं घर माहीत. दोघांच्या मध्ये नवी ओळ घुसवली तर पट्टा ताणला जातो, ओळ आत येते. शेवटच्या घराखाली काही लिहिलं तर नावाला त्याचा पत्ताच नसतो. क्लासमधल्या सरांनी उपाय सांगितला होता: शेवटी टिंबांची एक रेघ मार, ती रेघसुद्धा नावात घे, आणि नवं काही आलं की रेघेच्या वर घुसव. मी ती रेघ मारली नव्हती. कंटाळा केला असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे रेघ नसली की पट्ट्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो, आणि तो माणूस मी होतो.

भाऊजी धुळ्याच्या एका गिरणीत हजेरी क्लार्क होते. गिरणी बंद पडली. अक्का, माझी मोठी बहीण, जळगावला आली आणि माझ्या बायकोपाशी रडली. माझ्यापाशी रडली नाही. मला एवढंच म्हणाली, “भाऊ, तुन्हा शेठले विचार ना.” मी विचारलं. शेठनी त्यांना माझ्या हाताखाली घेतलं.

हाताखाली म्हणायचं एवढंच. गिरणीत त्यांनी इंग्रजी टायपिंग केलेलं. आठवडाभरात त्यांची बोटं माझ्यापेक्षा जोरात चालायला लागली. फोन कानाला, नजर पडद्यावर, आणि तोंडाने असोद्याच्या शेतकऱ्याची गंमत: “काय आबा, आज तरी घड मोजून सांगता का कालच्यासारखे अंदाजे?” तिकडून आबा ओरडायचे, “तू ये ना भो मोजायले!” ऑफिस हसायचं. मी होतो तिथे इतकी वर्षं कोणी हसलेलं मला आठवत नाही.

एकदा शेठ सगळ्यांसमोर मला म्हणाले, “अरे मास्तर, तुझ्यापेक्षा तुझ्या भाऊजींचा हात चालतो. तू आता चहा सांगत जा.”

भाऊजींनी चटकन सावरून घेतलं. “शेठ, गुरू तोच आहे.” तेच मला जास्त लागलं.

दोन दिवसांनी चोपड्याकडची दोन नवी गावं शेठना मिळाली. मोठ्या बागा, पहिलीच कापणी. भाऊजींनी सकाळी ती गावं यादीत टाकली. सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीच्या खाली. दुसरं काही करणं त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. हजेरीबुकात दोन नावांच्या मध्ये तिसरं नाव घुसवणं म्हणजे खाडाखोड. त्यावरून गिरणीतली माणसं घरी बसलेली त्यांनी पाहिली होती. नवं नाव नेहमी शेवटी, मोकळ्या जागेत, सगळ्यांना दिसेल असं. प्रामाणिक माणसाची ती सवय होती.

मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. त्यांनी आकडा टाकला, एंटर दाबलं. वरची बेरीज हलली नाही. दुसऱ्या गावाचा आकडा टाकला. बेरीज हलली नाही. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते पुढचा फोन घेत होते. माझं होतं.

मला वाटलं, असू दे. दुपारपर्यंत राहू दे. गाड्या सांगायच्या आधी सगळ्यांसमोर म्हणेन, भाऊजी, हे असं नसतं करायचं, सरका जरा. एवढंच मनात होतं. त्यापेक्षा जास्त वाईट काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि त्याचा उपयोग नाही.

तेवढ्यात शेठनी मला दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला स्टेशनवर पाठवलं. ट्रेन उशिरा आली. परत आलो तेव्हा ट्रक सांगून झाले होते. तरी वेळ गेली नव्हती. एक फोन केला असता तर आणखी दोन गाड्या मिळाल्या असत्या. विसरलो होतो असं नाही. पाहुण्यांना पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. फोन उचलला नाही. आता बोललो तर विचारतील, सकाळी का नाही बोललास.

संध्याकाळी चोपड्याकडून फोन आला. गाडी नाही. घड बांधावर. आणि त्याच तासाभरात दुसऱ्या एका व्यापाऱ्याची गाडी तिथे येऊन माल भरून गेली. असे लोक रस्त्यावर रिकामी गाडी घेऊन हिंडतच असायचे. पण शेठच्या डोक्यात दोन गोष्टी जुळल्या. नेमकी नवी गावं सुटली, आणि नेमका तिथे दुसरा हजर. आमच्या धंद्यात याला चूक म्हणत नव्हते, पैसे खाऊन माल वळवणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी शेठनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. भाऊजी सांगत होते, “मी गावं टाकली होती शेठ. बघा ना, पडद्यावर आहेत.”

“आहेत ना. मग बेरजेत का नाहीत?”

“ते मला कळत नाही.”

शेठ माझ्याकडे वळले. “मास्तर, तू सांग. कॉम्प्युटर बेरीज चुकतो का?”

मी म्हणालो, “नाही शेठ. कॉम्प्युटर चुकत नाही.”

यात एक शब्द खोटा नव्हता.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. काहीतरी समजून घ्यायचं राहून गेलंय आणि ते मी आता समजावून सांगेन, अशा नजरेने पाहत राहिले. मग स्वतःच म्हणाले, “म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल.”

केळीच्या धंद्यात फोनवर सगळं पसरतं. माल वळवणारा माणूस म्हणून जळगावात त्यांना कोणी दारात उभं केलं नाही. भाऊजी आणि अक्का सुरतेला गेले, खानदेशातले इतके जातात तसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी यायची थांबली. मी पत्र टाकायचो, उत्तर यायचं: सगळं बरं आहे.

बऱ्याच वर्षांनी मी सुरतेला गेलो, सांगायचंच ठरवून. भाऊजी एका कापड मार्केटच्या गेटवर वॉचमन होते. त्या दिवशी ते कामावर होते, घरात अक्का एकटी. मी तिला सगळं सांगितलं, पट्टा, नाव, खालच्या दोन ओळी. तिला कॉम्प्युटरचं काही कळलं नसेल. बाकीचं कळलं. ती भाकरी थापत होती, थापत राहिली.

मग म्हणाली, “तेस्ले सांगू नको.”

“अक्का, त्यांची चूक नव्हती गं.”

“तुन्हा भाऊजी आते कागदले हात लावतस नही. गेटवर वही शे, ती दुसराकडथून लिही लेतस. मन्हं डोकं चालत नही, म्हनतस. इतला वरीस तेस्नी ते पचाडं.” तवा उतरवून ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “आते तू सांगशी का घरना माणूसनीच करं. मंग काय करतीन त्या?”

संध्याकाळी भाऊजी आले. मी येताना आंबे आणले होते, ते बघून खूश झाले. शेजाऱ्यांना थोडे द्यायचे ठरले. त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली.

“तूच मोज रे. मन्हं चुकस.”

मी मोजून वेगळे केले. ते हसले. “तुन्ही मोजणी शे. बरोबरच राही.”

मी जेवलो आणि निघालो.

पुढे ते वारले. तेराव्यानंतर मी अक्काला विचारलं, आता तरी हे कुठे लिहू का. ती म्हणाली, “आते तुले जे करनं शे ते कर.” त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं नाही. विचारलं की उत्तर देते.