अल्बममधलं पाचवं गाणं
तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवरच्या धुळीचा वास आला की मला चिकलठाण्याचा तो हॉल आठवतो. दुष्काळाचं वर्ष होतं. आजूबाजूच्या नव्या इमारतींची कामं पाण्यावाचून थांबली होती. आमच्या रॉक बँडनं तरुणपणी काढलेला अल्बम त्या संध्याकाळी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवायचा होता. आम्ही चौघंही साठीला आलेलो. गायकाच्या घशाचं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले होते आणि पाचव्या गाण्यात एक उंच सूर लांबवर धरायचा होता. "तेवढं सोडून देऊ," मी स्टेजमागं म्हणालो. "नाय यार," कोमट पाण्याचा घोट घेत तो म्हणाला, "लोकांना पूर्ण अल्बम म्हणून बोलावलंय." पाचवं गाणं सुरू झालं तेव्हा बेस गिटारच्या तारांवरून माझी बोटं घामानं घसरत होती. तो सूर आला आणि त्याचा आवाज चिरकला. आम्ही थांबलो. पहिल्या रांगेतली त्याची बायको घाबरून अर्धी उठली. त्यानं तिला हातानं बसायला सांगितलं आणि आमच्याकडं वळला. "खालच्या पट्टीत घ्या. पुन्हा पहिल्यापासून." विशीत ओरडून गायलेलं ते गाणं तो घरात कुणाशी बोलावं तसा गायला. पंख्यांची घरघर ऐकू येईल इतका हॉल शांत होता. शेवटच्या ओळीपर्यंत मी त्याच्याकडं बघूनच वाजवत होतो. आम्ही पुढं कधी एकत्र वाजवलं नाही. जुना अल्बम आजही घरात आहे, पण ते गाणं मनात उमटतं ते त्या खालच्या पट्टीतच.