शुक्रवारचं रिलीज आणि सक्तीची मजा

"बोट सुटता कामा नये! सगळ्यांनी मिळून खाली आणायचाय!"

पुण्याहून आलेला ट्रेनर माइकवरून ओरडत होता आणि आम्ही, म्हणजे नाशिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची शिकलीसवरलेली माणसं, दोन रांगांत समोरासमोर उभं राहून एकेका बोटावर एक बांबू तोलत होतो. बांबू जमिनीवर ठेवायचा, एवढाच खेळ. पण आपलं बोट सुटू नये म्हणून जो तो थोडं वर दाबतो आणि बांबू खाली यायच्या ऐवजी छातीपर्यंत चढतो. यातून आम्ही टीमवर्क शिकणार होतो.

पेठ रोडवरच्या डोंगराळ भागातलं एक रिसॉर्ट. वार शनिवार, म्हणजे आमच्या सुट्टीचा. सगळ्यांच्या अंगात नारिंगी टी-शर्ट. सगळ्यांचे फोन बंद करून एका कापडी पिशवीत, आणि पिशवी एचआरच्या रितिका मॅडमच्या खांद्यावर. याला 'डिजिटल डिटॉक्स' म्हणतात. आठवडाभर रात्री जेवतानाही फोन उचला म्हणणारी कंपनी शनिवारी फोन काढून घेते, त्याचं हे नाव.

डेव्हलपर माणसाला सुट्टीत काय हवं असतं, हे कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला दुपारी झोप हवी असते. आमच्या टीममधल्या नीलेशला त्याच्या गल्लीतल्या पोरांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट हवं असतं. कुणाला देवळाली कॅम्पात बायकोबरोबर निवांत फिरायचं असतं. बांबू कुणालाच नको असतो. पण आमचे डायरेक्टर मिलिंद सर एका कॉन्फरन्सला जाऊन आले होते. तिथून ते दरवेळी काहीतरी घेऊन येतात आणि ते आमच्यावर वापरतात.

तर बांबू गळ्याशी आला असताना आमच्या बसचा ड्रायव्हर पळत मैदानात आला. त्याचा फोन कुणी घेतला नव्हता, कारण त्याला डिटॉक्सची गरज आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

"पगारे मॅडम कोन हाय? कांद्याच्या मार्केटातून फोन हाय. तुमच्या हापिसच्या वॉचमननी माझा नंबर दिला म्हने. मानूस लय तापलाय."

पगारे मॅडम म्हणजे मी. मी बोट काढलं. ट्रेनर म्हणाला, "मॅडम, तुम्ही टीम ब्रेक केली."

फोनवर आहेर साहेब होते. जिल्ह्यातल्या एका कांद्याच्या बाजार समितीचे सचिव. समितीचं नाव सांगत नाही, कारण या सगळ्यात त्यांची काडीची चूक नव्हती. त्यांचं सॉफ्टवेअर आमचं होतं. ट्रॅक्टर गेटवर आला की आमचं सॉफ्टवेअर एक टोकन छापतं. त्यावर शेतकऱ्याचं नाव, गाडीचा नंबर. लिलावात भाव ठरला की तो त्याच टोकनवर चढतो, मग वजन, मग पावती. टोकन नाही तर लिलाव नाही.

"मॅडम, सकाळपासून फोन लावतोय, सगळे बंद. काय चाललंय काय तुमचं?" आहेर साहेब म्हणाले. "टोकनच निघत नाय. एक टोकन निघायला इतका वेळ लागतोय की तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल. ट्रॅक्टरांची लाइन पार हायवेवर गेली. व्यापारी म्हणतात, असंच चाललं तर आम्ही निघतो. व्यापारी गेले तर हा माल परत घरी न्यायचा का लोकांनी?"

"हातानं पावत्या करता येतील का?"

"पावतीपुस्तकं तुमच्याच साहेबांनी बंद करायला लावली ना? स्टेजवरून भाषण केलं होतं त्यांनी, कागद गेला म्हणून."

केलं होतं खरं. मी समोर होते, टाळ्या वाजवायला.

काय झालं असावं याचा मला अंदाज होता, कारण आदल्याच दिवशी त्यावरून माझी सरांशी वादावादी झाली होती. शनिवारी समितीत बाहेरून पाहुणे येणार होते. म्हणून सरांना समितीच्या ऑफिसातल्या मोठ्या टीव्हीवर एक 'लाइव्ह डॅशबोर्ड' हवा होता. डॅशबोर्ड म्हणजे आकडे, आलेख आणि हलणारे हिरवे बाण. आत काय आहे हे फारसं न कळताही माणसं त्याच्यासमोर मान डोलावतात, हे त्याचं मुख्य काम. नीलेशनं तो सांगितल्याप्रमाणे घाईघाईत बनवला. शुक्रवारी संध्याकाळी सर म्हणाले, रिलीज करा. म्हणजे नवं रूप गिऱ्हाइकाच्या चालत्या सॉफ्टवेअरमध्ये चढवा.

मी म्हटलं, "सर, लोड टेस्टिंग झालेलं नाही." खूप लोकांनी एकदम वापरलं तर काय होईल, याची ती तालीम असते. "आपल्याकडे चाचणीपुरत्या खोट्या नोंदी आहेत, त्याही मूठभर. तिथे काही वर्षांचा खरा डेटा आहे. आणि उद्या आपण सगळे बाहेर असणार."

"संध्या, तुझा प्रॉब्लेम काय आहे माहितीये? तू आधी निगेटिव्ह बघतेस. बी पॉझिटिव्ह."

नीलेशही म्हणाला, "सर, सोमवारी टाकू ना." त्याला सर म्हणाले, "कमिटमेंट इज कमिटमेंट." कमिटमेंट त्यांनी केली होती. टाकायचं नीलेशनं होतं. त्यानं टाकलं.

मी मैदानाच्या कडेला जाऊन सरांना सांगितलं. ते फोटोग्राफरला कोन समजावत होते.

"आत्ता सेशन चालू आहे," ते म्हणाले. "लंचनंतर बघू."

"सर, मार्केट बंद पडलंय."

"आहेरना पॅनिक व्हायची सवय आहे. आणि हे बघ, मी कालच सगळ्यांना डॅशबोर्डची लिंक पाठवलीये. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर. रिस्पॉन्स जबरदस्त आहे."

तेव्हा मला उरलेलं कळलं. मी समजत होते, एका टीव्हीवर एक डॅशबोर्ड चालू आहे. इथे तालुकाभर लोक तो फोनवर उघडून बसले होते. आपला डेटा ज्या मुख्य कॉम्प्युटरवर असतो त्याला सर्व्हर म्हणतात. एखाद्या कचेरीत एकच कारकून असावा आणि खिडकीत उभा असलेला प्रत्येक जण दर क्षणाला "सगळी दप्तरं पहिल्यापासून वाचून बेरीज सांगा" म्हणत असावा, तशी त्याची गत झाली होती. गेटवरचा माणूस बिचारा एक साधं टोकन मागत होता. त्याचा नंबरच लागत नव्हता.

"रितिका मॅडम, फोन द्या," मी म्हटलं.

"संध्या मॅम, सरांची परमिशन..."

मी पिशवी तिच्या खांद्यावरून काढून घेतली. माझा आणि नीलेशचा फोन शोधला. लॅपटॉप आणायला बंदी होती, पण नीलेशनं टॉवेलाखाली घालून आणला होता. रिलीज करून ज्याला दुसऱ्या दिवशी लॅपटॉपपासून लांब राहवतं, तो खरा डेव्हलपर नव्हे.

रिसॉर्टमध्ये बोलण्यापुरती रेंज येत होती, इंटरनेट नव्हतं. ड्रायव्हरनं मागच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. "तिथं नेट येतं. मी तिथंच जाऊन व्हिडिओ बघतो." आम्ही चढलो. नीलेश एका दगडावर बसला, लॅपटॉप मांडीवर. मी फोनवरून इंटरनेट दिलं आणि ड्रायव्हरच्या फोनवरून आहेर साहेबांना लावला.

"साहेब, आधी तो मोठा टीव्ही बंद करा."

"समोर चेअरमन बसलेत. पाहुणे बघतायत. कसा बंद करू?"

"त्यांना नाश्त्याला न्या."

"झाला नाश्ता." मग हळू आवाजात, "बरं, त्या खोलीची लाइट घालवतो."

त्यांनी घालवली. फरक पडला, पण नावाला. लोकांच्या फोनवरचे डॅशबोर्ड चालूच होते. इकडे नीलेशला सर्व्हरमध्ये शिरायलाच वेळ लागत होता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो निफाड तालुक्यातला. त्या लाइनीत त्याच्या गावचे ट्रॅक्टर असणार, हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

शेवटी तो आत शिरला. "मॅडम, पूर्ण पेजच काढून टाकावं लागेल. जुनं व्हर्जन परत चढवतो."

तेवढ्यात सर धापा टाकत टेकाडावर आले. "काही काढायचं नाही! चेअरमन साहेबांना मी शब्द दिलाय. डॅशबोर्ड चालू ठेवून काय करता येतं ते बघा."

"काही येत नाही, सर," मी म्हटलं.

नीलेशचं बोट कीबोर्डवर थांबलं. घरी नवं बाळ, नोकरी जेमतेम टिकलेली. त्यानं सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, करू?"

"कर. मी सांगितलं म्हणून कर."

त्यानं केलं. फोन चालूच होता. मग आहेर साहेबांच्या मागे गेटवरचा प्रिंटर ऐकू आला, एकामागून एक, सलग. कुणीतरी ओरडलं, "निघालं, निघालं! घ्या पुढं!"

"चालू झालं," आहेर साहेब म्हणाले आणि आभार न मानता फोन ठेवला. बरोबरच होतं. आभार कशाचे?

सर मला म्हणाले, "तू आज माझा शब्द खाली पाडलास." आणि जेवायला गेले.

सोमवारी समितीच्या ऑफिसात बैठक होती. सरांनी मला आणि नीलेशला बरोबर घेतलं. गाडीत ते नीलेशला म्हणाले, "फक्त सॉरी म्हण. माणूस सॉरी म्हणून लहान होत नाही." हे त्यांना इतकं पटलेलं होतं तर स्वतः का म्हणत नव्हते, ते विचारायची सोय नव्हती.

खोलीत आहेर साहेब होते आणि काही संचालक. त्यांतले दोघे नीलेशच्या गावचे. त्यांनी त्याला ओळखलं, मान हलवली. नीलेशनं नजर खाली घातली.

सर बोलायला लागले. "आमच्या एका ज्युनिअर रिसोर्सकडून घाईत चूक झाली." आमच्या धंद्यात माणसाला रिसोर्स म्हणतात, म्हणजे बोलताना जड जात नाही. "त्याला आम्ही समज दिलेली आहे. नीलेश, साहेबांना सॉरी म्हण."

नीलेश उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. ज्या माणसांसमोर तो लहानाचा मोठा झाला, त्यांच्यासमोर त्याला उभं केलं होतं, तेही त्यानंच 'सोमवारी टाकू' म्हटलेल्या कामासाठी. मी नोकरीत इतकी वर्षं गप्प बसायला चांगली शिकले आहे. त्या दिवशी जमलं नाही.

"नीलेश, खाली बस," मी म्हटलं. "आहेर साहेब, यानं शुक्रवारी सांगितलं होतं की सोमवारी टाकू. मीही सांगितलं होतं, तपासलेलं नाही. ते शुक्रवारीच टाका, हा निर्णय सरांचा. लिंक सगळीकडे पाठवली तीही सरांनी. आणि शनिवारी तुमचं गेट चालू केलं ते यानं."

सर हसले. अडचणीत आले की ते हसतात. "संध्या जरा इमोशनल आहे. हा खरं तर कम्युनिकेशन गॅप..."

"राहू द्या," आहेर साहेब म्हणाले. त्यांनी नीलेशकडे पाहिलं. "पोरा, तू कुठला?"

नीलेशनं गाव सांगितलं.

"मग तुला कळतं उन्हात कांदा घेऊन उभं राहणं काय असतं." मग सरांकडे वळून, "यापुढे बाजाराच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी काहीही बदलायचं नाही. बदलायचं तर आधी मला विचारायचं. आणि आमचं काम हाच पोरगा बघेल. दुसरा नको. तो टीव्ही मी क्रिकेटला लावणार आहे."

परतीच्या वाटेवर गाडीत सर म्हणाले, "क्लायंटसमोर असं बोलतात का?"

"नाही बोलत," मी म्हटलं. "पण सुरुवात तुम्ही केलीत."

आठवड्याभरात सर नव्या लोकांना नीलेशची ओळख 'अवर मोस्ट ट्रस्टेड रिसोर्स' अशी करून देऊ लागले. नीलेश ते ऐकून घेतो. बाळ आता रांगायला लागलंय, आणि रविवारी तो क्रिकेटला जातो. माझ्या वार्षिक मूल्यमापनात मात्र 'टीम स्पिरिटमध्ये सुधारणेला वाव' असं आलं. मी वाचलं आणि सही केली. सुधारणा करायचा विचार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चालत्या सॉफ्टवेअरला हात लावू नये, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. पण ते डेव्हलपरला शिकवतात. शिकवायला हवं त्याला, जो शुक्रवारी शब्द देतो आणि शनिवारी फोन बंद ठेवतो. त्याच्यासाठी अजून कुणी ट्रेनिंग काढलेलं नाही.